अग्निचूर्णाचें प्रमाण आणि बाराची नेमकता

१. लेखाचें प्रयोजन

सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका शाळेंतील व्याख्यानांत प्रस्तुत लेखकानें शुक्रनीतींतील अग्निचूर्णाच्या कृतीचा उल्लेख करून असें विधान केलें होतें कीं, त्या ग्रंथांतील एका पर्यायांत सोऱ्याचा भाग शेंकडा ७५ येतो. इंग्रजांच्या सरकारी कारखान्यांतील बंदुकीच्या दारूंतहि तो शेंकडा ७५ च असे. म्हणून आमची दारू त्यांच्या दारूच्या तोडीची होती. विद्यार्थ्यांस तें विधान आवडलें, वक्त्यासहि आवडलें, आणि आवडलें म्हणूनच तें पुढें कोणी तपासलें नाहीं. त्या व्याख्यानाचें टिपण कांहीं स्नेह्यांनीं उतरून घेतलें होतें. आतां तें विधान त्यांच्या लेखांतून, जणूं एखादें सिद्ध प्रमेय असावें तसें, मजकडे परत येऊं लागलें आहे. ज्यानें चूक केली त्यानेंच ती मागें घ्यावी हें न्याय्य, म्हणून हा लेख.

चूक गणितांत नव्हती. द्रव्यांचें प्रमाण कळलें म्हणजे दारू कळली, या गृहीतांत ती होती. एकच बंदूक, एकच गोळी, एकच नेमबाज असतां बारामागून बार एकाच जागीं कां पडत नाहीं, आणि तो पडावा म्हणून दारू कशी असावी, या प्रश्नाचा पाठपुरावा इंग्लंड, आयर्लंड व अमेरिका या देशांत अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्याच्या अखेरीपर्यंत झाला. तो गणित्यांनीं केला, लोहारकाम जाणणाऱ्या यंत्रज्ञांनीं केला, आणि आपल्या हातानें बार तोलून भरणाऱ्या हौशी नेमबाजांनीं तर विशेष केला. त्यांचा इतिहास लेखी व आंकड्यांचा आहे. त्याच्या उजेडांत आमच्या पोथींतील दोन-तीन श्लोक पुन्हा वाचावे, एवढाच येथें हेतु आहे.

२. शुक्रनीतींतील कृति

शुक्रनीतीच्या चौथ्या अध्यायांत नालिकास्त्राचें प्रकरण आहे. लघुनालिका पांच वितस्ति लांबीची, मुळाशीं व अग्राशीं नेम धरण्यासाठीं तिलबिंदु असलेली, आणि मुळाशीं यंत्राच्या आघातानें अग्नि पाडणारा दगड बसविलेली, अशी वर्णिली आहे. पुढें अग्निचूर्णाची कृति येते. सुवर्चि लवण म्हणजे सोरा ५ पळें, गंधक १ पळ, आणि रुई, निवडुंग इत्यादींचा, धूर बाहेर जाऊं न देतां जाळलेला कोळसा १ पळ. हीं द्रव्यें शुद्ध करून व कुटून एकत्र करावीं, रुई, निवडुंग व लसूण यांच्या रसांत भिजवावीं, उन्हांत वाळवावीं आणि शर्करेप्रमाणें पिसावीं. सोऱ्याचे पांचाऐवजीं सहा किंवा चार भागहि घ्यावे, असा पर्याय दिला आहे.

याचें शेंकडेवारींत रूपांतर केलें असतां ५:१:१ या प्रमाणांत सोरा सुमारें ७१.४ व गंधक आणि कोळसा प्रत्येकीं १४.३ येतात. ६:१:१ या प्रमाणांत ७५, १२.५ व १२.५, आणि ४:१:१ या प्रमाणांत ६६.७, १६.७ व १६.७. इंग्रजी सरकारी दारूचें प्रमाण सोरा ७५, कोळसा १५, गंधक १० असें होतें. सहा भागांच्या पर्यायाशीं सोऱ्याचा आंकडा तंतोतंत जुळतो. मी फसलों तो येथें.

या जुळणीचा उपयोग दोन परस्परविरुद्ध पक्षांनीं करतां येतो, ही मौज लक्षांत घेण्याजोगी आहे. इ. स. १८८० त गुस्ताव ओपर्ट यांनीं प्राचीन हिंदूंच्या शस्त्रास्त्रांवरील आपल्या ग्रंथांत शुक्रनीतीच्या आधारें बंदुकीची दारू फार पुरातन ठरविली. उलटपक्षीं इ. स. १९६२ त लल्लनजी गोपाल यांनीं ही संहिता एकोणिसाव्या शतकांतील आहे असें प्रतिपादन केलें. चकमकीच्या दगडाचा उल्लेखच त्या प्रकरणाच्या प्राचीनत्वास बाध आणतो, हें आतां बहुतेकांस मान्य व्हावें. दारूकामाचा साधार कालक्रम पाहावयाचा तर कै. परशुराम कृष्ण गोडे यांचा इ. स. १४०० ते १९०० या काळांतील आतषबाजीवरील प्रबंध (१९५३) आहे. त्यांत ओरिसाच्या प्रतापरुद्रदेव गजपतीच्या कौतुकचिंतामणींतील कृति घेतल्या आहेत. कालनिर्णय हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु प्रमाण जुळतें म्हणून आमची दारू उत्तम होती असें एकानें म्हणावें, आणि तेंच प्रमाण जुळतें म्हणून तें इंग्रजांचें उसनें आहे असें दुसऱ्यानें म्हणावें, तेव्हां दोघांचा साक्षीदार एकच असतो. तो साक्षीदार साक्ष देण्यास पात्र आहे काय, हें पाहूं.

३. रॉबिन्सचा लंबक

गोळीचा वेग मोजण्याची विश्वसनीय रीति प्रथम बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें दिली. त्याचा तोफविद्येवरील ग्रंथ इ. स. १७४२ त प्रसिद्ध झाला, आणि लेओनार्ड ऑयलर यानें १७४५ त त्याचें सटीक जर्मन भाषांतर केलें. रीति साधी होती. एक जड लाकडी ठोकळा झोपाळ्यासारखा टांगावयाचा व त्यावर गोळी झाडावयाची. ठोकळा किती मागें गेला तें त्यास बांधलेल्या फितीवरून कळे. ठोकळ्याचें व गोळीचें वजन ठाऊक असल्यामुळें गोळीचा वेग गणितानें निघे. साध्या बंदुकीच्या गोळीचा वेग सेकंदास १६०० फुटांहूनहि अधिक असतो हें अशा रीतीनें ठरलें.

तोंपर्यंत दारूची परीक्षा अनुमानानें होत असे. चिमूटभर दारू कागदावर पेटवून कागद जळतो कीं नाहीं, मागें काळा डाग राहतो कीं नाहीं, अशा त्या परीक्षा. लंबकामुळें दारूच्या गुणाला आंकडा मिळाला. रॉबिन्सनें १७४७ त पेचदार नळीवर एक निबंध वाचला व जें राष्ट्र ही नळी पूर्णत्वास नेईल तें इतरांवर वर्चस्व मिळवील असें भाकीत केलें. आपल्या देशाशीं त्याचा संबंध असा कीं, ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनियर म्हणून तो इकडे आला आणि २९ जुलै १७५१ रोजीं कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथें वारला.

त्याच्या उपपत्तींत एक दोष राहिला. गोळी जागची हालण्यापूर्वींच सर्व दारू जळून जाते असें त्यानें धरलें होतें. तसें असतें तर दाण्याचा आकार निरर्थक ठरला असता, आणि प्रमाण हेंच सर्वस्व झालें असतें. म्हणजे प्रस्तुत लेखकाची चूक आणि रॉबिन्सची चूक एकच. फरक इतकाच कीं रॉबिन्सच्या काळीं ती क्षम्य होती.

४. पीठ आणि दाणा

खलांत घोटलेली कोरडी दारू पिठासारखी असते. तीच दारू ओली करून, दाबून तिची वडी पाडली, वडी फोडून चाळली, म्हणजे दाणेदार दारू होते. द्रव्यें तींच, प्रमाण तेंच. परंतु दोहींचें वर्तन निराळें. पिठांत दोन कणांमधून ज्वाला शिरण्यास वाट नसते. ती घट्ट ठोकली तर सावकाश जळते व सैल राहिली तर भडकते. दाणेदार दारूंत ज्वाला दाण्यांच्या फटींतून एकदम सर्वत्र पसरते, आणि मग प्रत्येक दाणा आपल्या पृष्ठभागापासून आंत जळत जातो. दाणा लहान तर काम लवकर आटोपतें. दाणा मोठा व कठीण तर उशिरां. अमेरिकन तोफखान्यांतील रॉडमन यानें १८६० च्या सुमारास मोठ्या तोफांसाठीं मोठाले व सच्छिद्र दाणे करून दाखविले, तेव्हां ही गोष्ट निर्विवाद झाली.

एक घरगुती प्रयोग सांगतों. जुन्या बाजारांत मला एक पितळी मापटें मिळालें. तें बाराचें माप असावें असें विकणाऱ्याचें म्हणणें. तें खरेंखोटें असो. त्या मापट्यानें मीं प्रथम कणीक व नंतर रवा दहा-दहा वेळां भरून सोनाराच्या तराजूंत तोलला. कणकेचें वजन दर खेपेस बदललें. हात किंचित् हालला, मापटें जरा आपटलें, कीं भर वाढे. रव्याचें वजन जवळजवळ स्थिर राहिलें. दाणेदार दारू मापानें भरली तरी चालते आणि पिठाची दारू मापानें भरली तर दर बार निराळा होतो, हें मला पुस्तकांतून जेवढें कळलें नव्हतें तेवढें त्या दिवशीं स्वयंपाकघरांत कळलें.

इंग्लंडांत वॉल्थम ॲबे येथील दारूचा कारखाना १७८७ त सरकारनें विकत घेतला, आणि विल्यम काँग्रीव्ह (थोरले) यांच्या देखरेखीखालीं तेथें प्रयोगपूर्वक सुधारणा झाल्या. तेथील सोरा बहुतांशीं आमच्या बिहारांतून कंपनीच्या जहाजांनीं जाई. म्हणजे सोरा आमचाच, प्रमाणहि आमच्या एका पर्यायाच्या जवळपास. आणि तरी दारू निराळी. ती निराळी झाली कृतीमुळें. सोरा पुनःपुन्हा विरघळवून शुद्ध करावयाचा. कोळसा ठराविक लांकडाचाच व बंद लोखंडी नळकांड्यांत जाळलेला. द्रव्यें किंचित् ओलीं ठेवून जड चाकांच्या घाणीखालीं तासचे तास घोटावयाचीं. नंतर दाब, दाणे, चाळण, धूळ काढणें, दाणे एकमेकांवर घांसून चकाकी आणणें, आणि शेवटीं मंद उष्णतेनें वाळवणें. बंदुकीच्या दारूचा दाणा इंचास १२ छिद्रांच्या चाळणींतून पडेल व २० छिद्रांच्या चाळणीवर राहील एवढा असे. ‘अंतर्धूम’ कोळशाचें मर्म आमच्या ग्रंथकारासहि ठाऊक होतें, हें येथें आदरानें नमूद केलें पाहिजे.

आणखी एक गोष्ट. नोबल व आबेल या दोघांनीं १८७५ त प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें दाखविलें कीं, काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचे सुमारें ४३ टक्केच वायु होतात. उरलेले ५७ टक्के घनरूप राख व मळ म्हणून राहतात. निम्म्याहून अधिक दारू अशा रीतीनें नळीस चिकटण्याच्या किंवा धुराबरोबर जाण्याच्या वाटेवर असते. पहिल्या बारासाठीं स्वच्छ असलेली नळी दुसऱ्या बारासाठीं तीच राहत नाहीं. नेमकतेचा खरा शत्रु हा मळ होय. आणि तो कोरडा व खडखडीत राहतो कीं ओलसर व मऊ राहतो, हें पुन्हा दारूच्या कृतीवर व हवेवर अवलंबून असतें.

५. एनफील्ड व व्हिटवर्थ

इ. स. १८५३ च्या एनफील्ड बंदुकीच्या काडतुसाची चरबी आपल्या इतिहासांत सर्वांस ठाऊक आहे. १८५७ च्या जानेवारींत डमडम येथें त्यावरूनच कुजबूज सुरू झाली. परंतु त्या कागदी पुडींतील दारूकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. ती सुमारें ७० ग्रेन असे. तोळा १८० ग्रेनांचा व मासा १५ ग्रेनांचा धरला तर हें वजन चार मासे व वर पांच गुंजांइतकें होतें. गोळी ५३० ग्रेन, म्हणजे तीन तोळ्यांस किंचित् कमी. नळीचा व्यास ०.५७७ इंच, आणि पेचाचा एक फेरा ७८ इंचांत. शिपायानें दारू तोलावयाची नसे, मापावयाची नसे; कारखान्यानें मापलेली पुडी फाडून ओतावयाची. बाराचें माप सैनिकाच्या हातून काढून कारखान्याच्या हातीं देणें, हाच कागदी काडतुसाचा मोठा लाभ होय.

मँचेस्टरचे प्रसिद्ध यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांस सरकारनें बंदुकीच्या नळीचा अभ्यास करण्यास सांगितलें, तेव्हां त्यांनीं आधीं ५०० यार्ड लांबीची बंदिस्त चाचणी-शाळा बांधली. वाऱ्याचा दोष वगळावा व मार्गांत पातळ कागदाचे पडदे टांगून गोळी कोठून कशी जाते तें पाहावें, हा उद्देश. पुष्कळ नळ्या करून पाहिल्यावर त्यांनीं षट्‌कोनी पोकळीची, ०.४५१ इंच व्यासाची व २० इंचांत एक फेरा घेणाऱ्या पेचाची नळी निवडली. दारू ७० ग्रेन व गोळी ५३० ग्रेन, हीं वजनें मात्र एनफील्डचींच ठेवलीं. १८५७ त हाइथ येथें दोन्ही बंदुकांची परीक्षा झाली. ५०० यार्डांवर गोळ्यांच्या मध्यबिंदूपासून सरासरी विचलन एनफील्डचें २.२४ फूट, व्हिटवर्थचें ०.३७ फूट. ८०० यार्डांवर ४.११ व १.००. ११०० यार्डांवर ८.०४ व २.६२. १४०० यार्डांवर व्हिटवर्थचें ४.६२ फूट, एनफील्डची एकहि गोळी निशाणास लागली नाहीं.

दारूचें वजन तेंच, गोळीचें वजन तेंच. मग हा फरक कोठून? कोणी म्हणेल, नळीमुळें. दारूचा संबंध काय? परंतु नळी अरुंद झाली म्हणजे तीच ७० ग्रेन दारू लांब कांडीसारखी बसते, तीच गोळी लांबट होते, आणि दारूस मागें अधिक रेटा सोसावा लागतो. दारू त्यामुळें निराळ्या तऱ्हेनें जळते. म्हणजे ‘चांगली दारू’ असा एकाकी पदार्थच नाहीं. या नळीसाठीं, या गोळीसाठीं, या हवेंत चांगली, एवढेंच म्हणतां येतें. वैद्यकांत द्रव्याचा गुण देश, काल व प्रकृति पाहून सांगतात, तसाच हा प्रकार आहे.

विम्बल्डनच्या माळावर २ जुलै १८६० रोजीं राणी व्हिक्टोरियानें स्पर्धेचा पहिला बार उडविला तो व्हिटवर्थच्याच बंदुकीचा. ती एका घडवंचीवर घट्ट बसविलेली होती. ४०० यार्डांवर गोळी निशाणाच्या केंद्रापासून सुमारें सव्वा इंचावर लागली. तरीहि सरकारनें ही बंदूक सर्व सैन्यास दिली नाहीं. ती महाग पडे व तिची अरुंद नळी मळानें लवकर भरे. पुनः मळच आडवा आला.

६. हातानें बार भरणारे

सरकारनें सोडलेला धागा हौशी नेमबाजांनीं उचलला. विम्बल्डन येथें आणि पुढें अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथें ८०० ते १००० यार्डांवरील सामने होऊं लागले, तेव्हां कारखान्याच्या पुडीवर भरंवसा ठेवणें या लोकांस पटेना. ते दारू घरीं तराजूंत ग्रेनाच्या अंशापर्यंत तोलीत व प्रत्येक बार निरनिराळ्या कुपींत भरून मैदानावर नेत. नळीच्या तोंडांतून बार भरतांना लांब नळीचें नाळकें आंत सोडून त्यांतून दारू ओतीत, म्हणजे दाणे भिंतीस न चिकटतां सर्व तळाशीं एकसारखे बसत. गोळ्याहि तोलून निवडीत आणि त्यांवर पातळ कागद गुंडाळीत. प्रत्येक बारानंतर नळी पुसून कोरडी करावयाची. एका बारास ओला बोळा व दुसऱ्यास कोरडा असें चालावयाचें नाहीं. दारूंत त्यांच्यामध्यें विशेष मान होता तो कर्टिस व हार्वी यांच्या ‘नंबर सहा’ या दारूस. ती एकसारखी जळे आणि तिचा मळ मऊ राही. त्यांचा सर्व आग्रह एकाच शब्दांत सांगतां येईल, तो शब्द ‘समता’. अधिक जोर त्यांना नको होता; काल जेवढा जोर तेवढाच आज, हें हवें होतें.

२६ सप्टेंबर १८७४ रोजीं क्रीडमूर येथें आयरिश व अमेरिकन यांचा सामना झाला. प्रत्येक बाजूस सहा नेमबाज. ८००, ९०० व १००० यार्डांवर प्रत्येकाच्या पंधरा-पंधरा गोळ्या. आयरिशांच्या बंदुका रिग्बीच्या, तोंडाकडून भरण्याच्या. अमेरिकनांच्या रेमिंग्टन व शार्प्स यांच्या, मागून काडतूस घालण्याच्या. अमेरिकनांस ९३४ गुण मिळाले, आयरिशांस ९३१. आयरिशांपैकीं मिल्नर याची एक गोळी बरोबर केंद्रांत लागली, पण ती शेजारच्या निशाणाच्या. चार गुण हातचे गेले, आणि त्यांबरोबर सामनाहि. शेवटचा बार कर्नल बोडाइन यानें मारला. थोड्या वेळापूर्वीं बाटली फुटून त्याचा हात कापला होता व तो रुमालानें बांधलेला होता. एवढ्या नेमकेपणानें तोललेल्या दारूंनीं अखेर निर्णय दिला तो तीन गुणांचा, आणि तोहि एका चुकलेल्या निशाणानें. मनुष्याचा दोष तराजूंत तोलतां येत नाहीं, ही आठवण संशोधकानेंहि ठेवावी.

या मंडळींतील विचारानें सर्वांत खोल गेलेला पुरुष म्हणजे विल्यम एलिस मेटफर्ड (१८२४–१८९९). हा मूळचा रेल्वेचा इंजिनियर. १८५७ त तो ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीवर मोंगीर येथें आला तो बंडाच्या ऐन धामधुमींत. वर्षाच्या आंतच प्रकृति खालावल्यामुळें परत गेला. त्यानें पाहिलें कीं, मऊ शिशाची गोळी दारूच्या पहिल्या धक्क्यानें बेढब होते, आणि खोल खांचांत मळ सांठतो. म्हणून त्यानें खांचा अगदीं उथळ केल्या व गोळी कठीण केली. दारूच्या धक्क्यानें गोळीचें बूड जेमतेम फुगून त्या उथळ खांचांत बसावें, अधिक नको. येथें दारूची घाई व गोळीचा कठीणपणा यांचें लग्न लावावें लागतें. दारू फार तापट असेल तर कठीण गोळीहि बिघडते; फार थंड असेल तर गोळी फुगतच नाहीं व वायु बाजूनें निसटतो. मेटफर्डनें व त्याचा मित्र सर हेन्री हॅल्फर्ड यानें वर्षानुवर्षें हें लग्न जुळविण्याचे प्रयोग केले. हॅल्फर्डचें बंदुकीच्या नेमबाजीवरील पुस्तक १८८८ त निघालें. त्याच वर्षीं मेटफर्डच्या खांचा असलेली ०.३०३ इंचांची ली-मेटफर्ड बंदूक ब्रिटिश सैन्यानें स्वीकारली.

७. दारू बदलली तेव्हां

या इतिहासाचा शेवट शिकवणारा आहे. फ्रान्सांत पॉल व्येय्य यानें १८८४ त निर्धूम दारू केली. इंग्लंडांत आबेल व ड्यूअर यांनीं १८८९ त कॉर्डाइट केलें. त्यांत नायट्रोग्लिसरीन ५८, गनकॉटन ३७ व खनिज मलम ५ भाग असे. ली-मेटफर्ड बंदुकीच्या काडतुसांत प्रथम सुमारें ७० ग्रेन दाबलेली काळी दारू भरीत. तिच्या जागीं सुमारें ३० ग्रेन कॉर्डाइट आलें, आणि गोळीचा वेग उलट वाढला. मळ जवळजवळ नाहींसा झाला. तेव्हां मेटफर्डच्या खांचांचा लाभ शतगुण व्हावा असें वाटेल. झालें उलट. कॉर्डाइटची उष्णता इतकी तीव्र कीं, त्या उथळ खांचा थोड्याच काळांत झिजून जाऊं लागल्या. १८९५ त त्यांच्या जागीं एनफील्डच्या खोल खांचा आणाव्या लागल्या. मळाशीं झुंजण्यासाठीं ज्याची रचना झाली तें मळाबरोबरच गेलें.

पुण्याच्या वाचकांस हा इतिहास परक्या भूमीचा वाटूं नये. खडकीचा काडतुसांचा कारखाना १८६९ त सुरू झाला. एकसारखें माप, एकसारखा दाणा व एकसारखी गोळी हा जो धडा व्हिटवर्थ-मेटफर्डांनीं गिरविला, त्याचाच व्यवहार आमच्या गांवाच्या वेशीवर मोठ्या प्रमाणांत चालत आला आहे.

८. निष्कर्ष व विनंति

आतां शुक्रनीतीकडे परत येऊं. दारूचा गुण ठरतो तो सोऱ्याच्या शुद्धीवर, कोळशाच्या लांकडावर, घोटण्याच्या काळावर, दाण्याच्या आकारावर व घनतेवर, ओलाव्यावर, आणि ती ज्या नळींत भरावयाची त्या नळीवर. प्रमाण हें या यादींतील एक कलम. अवश्य, पण एकच. तेव्हां ६:१:१ वरून आमची दारू इंग्रजांच्या तोडीची होती असें म्हणतां येत नाहीं, आणि तें माझें विधान मी येथें मागें घेतों. त्याच न्यायानें, सोऱ्याचा आंकडा जुळला म्हणून ती कृति इंग्रजांकडून घेतली असें म्हणणेंहि पुरेसें नाहीं. कारण गंधक व कोळसा यांचे भाग जुळत नाहींत, आणि चार, पांच व सहा हे तीन पर्याय ज्या अर्थीं एकत्र दिले आहेत त्या अर्थीं ग्रंथकारासमोर अनेकांची वहिवाट असणें संभवतें. ग्रंथाचा काळ ठरवावा तो चकमकीच्या दगडावरून, भाषेवरून व पोथ्यांच्या परंपरेवरून. प्रमाणाची साक्ष दोन्ही पक्षांनीं सोडून द्यावी.

याउलट ज्या एका शब्दाकडे आजवर दुर्लक्ष झालें तो शब्द ‘शर्करा’ होय. पिसलेलें द्रव्य शर्करेसारखें असावें असें ग्रंथकार म्हणतो. भाषांतरकार ‘साखरेसारखें बारीक’ असा अर्थ घेऊन पुढें जातात. परंतु शर्करा शब्दाचा संस्कृतांतील अर्थ खडा, वाळू, खर असाहि आहे. साखरेस तें नांव तिच्या दाणेदारपणावरूनच पडलें. ‘पिसणें’ म्हटल्यावर पीठ डोळ्यांपुढें येतें. ‘शर्करेसारखें’ म्हटल्यावर दाणा. रसांत भिजवून उन्हांत वाळविलेलें द्रव्य वडीसारखें घट्ट होतें, आणि तें नंतर फोडलें तर दाणेच पडतात; पीठच हवें असतें तर भिजविण्यावाळविण्याचा खटाटोप कशाला? माझा कल दाण्याकडे आहे. पण एका उपमेवर इमारत उभारण्याची चूक मीं एकदां केली आहे. दुसऱ्यांदा करणार नाहीं. हा अर्थ दृढ व्हावयास दुसरा पुरावा पाहिजे, आणि तो शास्त्रग्रंथांत नव्हे तर हिशेबाच्या कागदांत मिळण्याचा संभव अधिक.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडावरील दारूखाना घरांजवळ नसावा, त्यास ओल लागूं नये, आणि दारू, बाण इत्यादि ठराविक दिवसांनीं बाहेर काढून उन्हांत सुकवून पुन्हा बंदोबस्तानें ठेवावे, अशी ताकीद आहे. मला त्या ताकिदींत दारूविषयीं जें प्रत्यक्ष ज्ञान दिसतें तें प्रमाणाच्या दहा श्लोकांत दिसत नाहीं. ओल्या दारूनें काय होतें हें पावसाळ्यांत गड राखणाऱ्यास ठाऊक होतें. तें शास्त्रानें त्यास शिकविलें नव्हतें.

म्हणून संग्राहकांस हात जोडून एक विनंति आहे. पोथी मिळाली म्हणजे आपण ती रेशमी रुमालांत बांधतों, आणि त्याच पेटींतील सुटे हिशेबी कागद रद्दींत जातात. यापुढें दारूखान्याचा एखादा जमाखर्च हातीं लागला तर तो टाकूं नये. त्यांत चाळण्या किती व कोणत्या घेतल्या, कोळसा कोणत्या लांकडाचा आला, घोटणारांस किती दिवसांची मजुरी दिली, वाळवण्यास चटया कीं परडे, रंजकाची दारू व बाराची दारू निराळी मांडली कीं एकच, असलीं क्षुल्लक दिसणारीं कलमें पाहावीं. रंजकाची बारीक व बाराची जाड असा भेद मांडलेला एक कागद जरी निघाला, तरी दाण्याचा प्रश्न सुटेल. आणि मग माझा ‘शर्करे’चा अर्थ खरा ठरो कीं खोटा, मला आनंदच होईल. प्रमाण ग्रंथांत लिहिलें जातें. हाताची खबरदारी चिठ्ठ्याचपाट्यांत उरते. त्या चिठ्ठ्या संपण्यापूर्वीं त्या वाचल्या जाव्या.